दिगूमामांचा लोहबाहू

व्यक्तिचित्र म्हणलं की तुम्ही काय धरून बसता ते मला पक्कं ठाऊक आहे. एक म्हातारा असणार. त्याला पांढऱ्या मिशा असणार. वरून फणसासारखा काटेरी, आतून गोड गरे. दोन पानं तुम्हाला हसवणार, तिसऱ्या पानावर मरणार आन् तुम्ही रुमाल काढणार. तर रुमाल खिशातच राहू द्या. आमचे दिगूमामा मरत नाहीत. म्हातारे नाहीत, मिशाही नाहीत. फणस मात्र आहेत, गऱ्यांची चौकशी करायला जाल तर हात सोलून घ्याल.

दिगूमामा म्हणजे आमच्या गावचे टेलर. गाव परंड्याकडून कुर्डुवाडीला जाताना लागतं, म्हणजे तुम्ही झोपेत असलात तर लागत पण नाही. मामांचं दुकान चावडीला लागून. पुढं मशीन, मागं घर. गळ्यात टेप, कानावर खडू, तोंडात राग. माणसाचं माप घेतानासुद्धा असं घेणार, की वाटावं आता फासावर देतात.

आता या माणसाला राग कशाचा होता? दुष्काळाचा? तो तर सगळ्या गावाला होता. मामांना राग होता टीव्हीवरच्या लोहबाहूचा.

लोहबाहू तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. तोंडावर मुखवटा, पाठीवर झूल, अंगात हत्तीचं बळ. त्याची चित्रांची पुस्तकं निघायची, कुर्डुवाडी स्टेशनच्या स्टॉलवर मिळायची. शाळकरी पोरांसाठी असतात तसली. गावात ती एकाच माणसाकडे होती आन् तो माणूस पंचेचाळीस वर्षांचा होता. मशीनच्या खाली एक ट्रंक, ट्रंकेला कुलूप, कुलपाची किल्ली मामांच्या करदोट्याला. नवीन पुस्तक निघालं की मामा दुकान बंद करून कुर्डुवाडीला जायचे. एकदा एका नवरदेवाचा कोट अर्धा सोडून गेले. नवरदेव बिनबाह्यांचा घोड्यावर बसला. मामा म्हणाले, "लग्न काय, परत करता येतंय. अंक संपला म्हंजी संपला."

मग लोहबाहूवर हिंदीत सिरियल निघाली. रविवारी सकाळी. आन् नेमका त्याच साली आमच्या दूध सोसायटीनं टीव्ही घेतला.

सालाबद्दल दोन शब्द बोलतो, नाहीतर तुम्हाला वाटेल आमच्याकडं चंगळ होती. विहिरीत बादली टाकली की ठण्ण आवाज यायचा. टँकर आला की बायका कळशीनं एकमेकींचं डोकं फोडायच्या. जनावरं छावणीवर गेलेली. दुधाच्या सोसायटीत दूध सोडून सगळं होतं. खुर्च्या होत्या, चेरमन होते, चेरमनच्या गळ्यात घालायला हार होते. लोक म्हणाले पेंड आणा. चेरमननी टीव्ही आणला. का, तर म्हणे सभासदांचं प्रबोधन. टीव्हीला लाकडी शटर, शटरला कुलूप. रिकाम्या कॅनांच्या रांगेपुढं बसून आम्ही प्रबोधन करून घ्यायचो.

रविवारी मामा अंघोळ करायचे. त्या साली अंघोळ म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. इस्त्रीचा शर्ट, टोपी, हातात गजपट्टी. माणसं देवळात जायला नटतात, मामा चिडायला नटायचे. सगळ्यात पुढं बसायचे आन् सिरियलचं गाणं सुरू झालं की यांचंही सुरू.

"बगा! झूल बगा! सरळ कापडात कापलीया. उरेब, तिरपं कापावं लागतंय, तवा वाऱ्यावर लाटंसारखी उडती. ही काय उडतीया का? बैलावर टाकल्यावानी पडलीया."

"मामा, गप बघू द्या की."

"काय बगतोस? दोरी बगतोस? ती बग दोरी! कमरंला बांधलाय त्याला. लोहबाहूला दोरी! न्हाय, पुस्तकात असं न्हाय."

हे त्यांचं ठरलेलं. 'पुस्तकात असं न्हाय.' नट पोटानं सुटलेला दिसला, पुस्तकात असं न्हाय. बागेत बाई नाचायला लागली, पुस्तकात असं न्हाय. टीव्हीवर मुंग्या आल्या तरी पुस्तकात असं न्हाय. आन् कुणी उलटून बोललं तर दुसरं ठरलेलं: "म्या माझ्या मनचं बोलत न्हाय. छापील बोलतोय, छापील!"

पण खरा भडका उडायचा तो डोळ्यांवरनं. सिरियलमधला लोहबाहू डोळ्यांतून जाळ सोडायचा. समोर डॉक्टर विखार नावाचा टकला खलनायक. लोहबाहू डोळे वटारायचा, सुर्र आवाज यायचा, विखारची गाडी खाक. पोरं टाळ्या पिटायची. मामा उठून उभे राहायचे, मागच्यांना टीव्हीऐवजी मामांची पाठ.

"डोळ्यानं मारतंय! बायकांवानी! आरं, नाव काय त्याचं? लोहबाहू! नावात बाहू हाय. डोळं हायती का? लोहडोळ्या म्हणलंय का कुणी? लोहबाहू हातानं मारतो. मातीत उतरतो, शड्डू ठोकतो, पट काढतो आन् आस्मान दावतो. त्यानं कधी डोळा मिचकावलासुदीक न्हाय. छापील हाय!"

चेरमन एकदा वैतागून म्हणाले, "दिगू, एवढं वंगाळ हाय तर येतोस कशाला दर रविवारी?"

"बिघडवून काय काय ठेवलंय ते कळाया नको?" मामा म्हणाले. "तुमच्या सोसायटीचा हिशोब कुणी बघत न्हाय, म्हणून ह्याचाबी बघू नये व्हय?"

चेरमनचा चेहरा दुधाच्या कॅनासारखा झाला. रिकाम्या.

आता माझं सांगतो. मी सुध्या. दहावीला इंग्रजीनं धरलेला, गावानं सोडून दिलेला. मला नकला येतात. चेरमनचं भाषण येतं, एसटीचा गिअर येतो, जत्रंतल्या कुस्तीचा पुकार येतो, तलाठ्याची शिंकसुद्धा येते. सिरियल संपली की चहाच्या हॉटेलात माझा दुसरा खेळ व्हायचा. गळ्यात टॉवेल, हातात झारा, "झूल बघा! उरेब न्हाय!" माणसं पोट धरून हसायची. काहीजण म्हणायचे, सिरियलपेक्षा हेच बरं, यात दोरी दिसत नाही.

मामांच्या कानावर ते गेलं. मी पायजम्याचं माप द्यायला गेलो तर त्यांनी टेप असा आवळला की माझा आवाज बदलला. म्हणाले, "नक्कल कर. पण नीट कर. म्या 'बघा' म्हणत न्हाय, 'बगा' म्हणतो."

एकदा चेरमननी मला सोसायटीच्या कामाला कुर्डुवाडीला धाडलं. गाडीला वेळ होता, स्टेशनात गेलो. स्टॉलवर लोहबाहू टांगलेला. नवाकोरा. मी घेतला. म्हणलं, बघू तरी मामांचं छापील.

पहिल्या पानावर, म्हणजे कव्हरावरच, लोहबाहू हवेत आडवा आन् डोळ्यांतून जाळ! लाल-पिवळा, हातभर. मी आत चाळलं. चौथ्या पानावर जाळ. सातव्यावर जाळ. शड्डू कुठं नाही, माती कुठं नाही, पट तर औषधाला सुद्धा नाही. बागेतली बाईपण होती. म्हणजे सिरियलवाल्यांनी बिचाऱ्यांनी पुस्तकाबरहुकूम केलं होतं, दोरी सोडून. खोटं बोलत होते ते आमचे मामा!

मला एवढा आनंद दहावीत पास झालो असतो तरी झाला नसता. एसटीत बसल्या बसल्या रविवारचा खेळ मी मनात बांधला. एका हातात पुस्तक, एका हातात गजपट्टी, "छापील हाय!" म्हणायचं आन् पान उघडून दाखवायचं. हॉटेलाचं छप्पर उडणार.

त्याआधी म्हणलं एकदा मामांच्या तोंडाकडं बघून येऊ. दुपारची वेळ. दुकान उघडं, मामा नाहीत. मागून त्यांचा आवाज येत होता. पण वेगळाच. चिडका नाही. मी मागच्या दाराला गेलो.

खाटेवर त्यांचे थोरले भाऊ होते, विठोबा पैलवान. गावात त्यांना कुणी बघितलं नव्हतं कितीतरी दिवस, कारण त्यांना लकवा झालेला. एक अंग गेलेलं, बोलणं अर्धं. एके काळी परंड्याच्या फडात या माणसाचं नाव पुकारलं की समोरचा जोड लंगोट सोडून घरी जायचा, असं माणसं सांगत. बहात्तरच्या दुष्काळात पैलवान तालीम सोडून खडी फोडायला गेले. का, तर धाकटा सोलापुरात शिवणकाम शिकत होता, तो परत यायला नको. खडी फोडून झाली, धाकटा टेलर झाला, पण पैलवान पुन्हा मातीत काही उतरले नाहीत. मग लकवा आला.

तर मामा खाटेपाशी स्टुलावर बसलेले. हातात पुस्तक. तोच अंक, माझ्या हातात होता तो. आन् मामा वाचत होते:

"...डॉक्टर विखार मातीत उतरला, दादा. अंगानं तगडा. लोहबाहूनं सलामी दिली. हातावर माती घेतली, शड्डू ठोकला. विखारनं मान धरली. लोहबाहूनं मान सोडवली, बगलंतनं मुंडी घातली आन् दिला कलाजंग, घेतला खांद्यावर!"

पैलवानांचा चांगला हात गोधडीवर हलत होता. बोटं धरत होती, सोडत होती. मग ते अर्ध्या तोंडानं म्हणाले, "आदी... खाली... बसाया पायजे."

"व्हय दादा. बसलाय की. म्हागच्या चित्रात बसलाय. माझंच पान सुटलं."

"मंग... बराबर."

मी तसाच दारात उभा. हातातलं पुस्तक लपवायचं तेवढं सुचलं नाही. मामांनी वर बघितलं. त्यांची नजर माझ्यावर, मग पुस्तकावर, मग कव्हरावरच्या जाळावर. ते उठले, माझी कॉलर धरली, दुकानात आणलं आन् कातरी उचलली.

"काय बगितलंस?"

"काय न्हाय मामा."

"हातात काय हाय?"

"पाठ्यपुस्तक."

"सुध्या, तोंडातनं शबूद काढलास तर जीभ उरेब कापीन."

त्या रविवारी हॉटेलात मी तलाठ्याची शिंक केली. लोकांना काही मजा आली नाही.

इथं गोष्ट थांबली असती तर बरं झालं असतं. पण सोसायटीची निवडणूक आली आन् चेरमनला माणुसकी आठवली. ते हार घेऊन पैलवानांना भेटायला गेले. गप्पा मारता मारता म्हणाले, "पैलवान, आपल्या सोसायटीच्या टीव्हीवर लोहबाहू लागतोय बरं का."

पैलवानांनी मान वळवली. "लोहबाहू? ...दिसतो?"

"दिसतो म्हंजी? हलतो, बोलतो! रविवारी तुमाला खाटंसकट नेतो. चार पोरं लावतो. आपल्या गावचा मल्ल खोलीत पडून राहतो, ही काय शोभंची गोष्ट हाय का?"

मामा पुढून ओरडत आले. "न्हाय न्यायचं! दादाला गर्दी सोसत न्हाय. टीव्ही वंगाळ हाय. सगळं खोटं हाय त्यात. पुस्तकात—"

"दिगू," पैलवान म्हणाले, "मला... बगायचंय."

लकवा झाल्यापासून पैलवानांनी कुणाकडं काही मागितलं नव्हतं. पाणी सुद्धा नाही, मामांनाच समजायचं. मामा परत पुढं मशीनकडं गेले. आन् गावात काय झालं? गावानं मामांना धू धू धुतलं. भाऊ मरायला टेकलाय, त्याला जरा टीव्ही बघायचा तर या टेलरच्या पोटात दुखतंय. स्वतः मात्र दर रविवारी पुढं बसतो! बायका दुकानापुढून जाताना थुंकून गेल्या. मामा मशीनवर असे पाय मारत होते की चावडी हलत होती. खरं कारण गावात एकट्या मला माहीत होतं, आन् माझी जीभ मला हवी होती.

रविवारी खाट आली. पैलवानांना नवा शर्ट होता, मामांनी रात्रीतून शिवलेला. माणसं उठून उभी राहिली. म्हाताऱ्यांनी पाय धरले. चेरमननी फोटोवाला बोलावला होता. खाट एकदम टीव्हीपुढं ठेवली. माझी जागा खाटेच्या उशाला आली, कशी कोण जाणे. मामा आत आले नाहीत. दाराबाहेर, आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. पहिला रविवार असा की झुलीबद्दल कुणी बोललं नाही.

गाणं झालं. लोहबाहू आला. विखार आला. मुंग्या होत्या पण माणसं ओळखू येत होती. पैलवान डोळ्याची पापणी हलवत नव्हते. विखार हसला, लोहबाहू वळला, डोळे वटारले, आन् सुर्र!

"ह्ये... काय... क्येलं?" पैलवान म्हणाले.

एक पोरगं म्हणालं, "आजोबा, डोळ्यातनं जा—" मी त्याला असा चिमटा काढला की पुढचं सगळं त्याच्या आईला ऐकू गेलं. मी बाहेर बघितलं. मामांनी खांदे आवळले होते, वरून धोंडा पडणार असल्यासारखे.

मग माझ्या तोंडातून जत्रंतला पुकार निघाला. मी ठरवला नव्हता, शपथ.

"मंडळी, फडात शांतता ठेवा! लाल मातीत लोहबाहू, समोर विखार मल्ल! लोहबाहूनं हातावर माती घेतली, ती माती हवेत उधळली, म्हणून समोर धूर दिसतोय, मंडळी! विखारनं मान धरली! लोहबाहू खाली बसला! पट काढला, पट काढला!"

"ए सुध्या," चेरमन ओरडले, "ऐकू येऊ दे की हिंदी!"

पैलवानांनी चांगला हात वर केला. चेरमन बसले. त्या हाताखाली कितीतरी जण बसलेत, चेरमन काय.

मी सुरू. टीव्हीत लोहबाहू उडाला, मी सांगितलं उसळी मारली. बाई नाचली, मी सांगितलं मध्यंतराची सुट्टी. मागचे म्हातारे आधी कुरकुरले, मग एक म्हणाला, "कलाजंग लाव म्हणावं!" दुसरा म्हणाला, "विखारचा डावा पाय उघडा पडलाय, बघतोस काय!" सोसायटीचा हॉल राहिला नाही, फड झाला. चेरमन स्वतः "हाण!" म्हणून ओरडले आन् मग इकडं तिकडं बघितलं.

तेवढ्यात माझा शर्ट ओढला गेला. पैलवान मला खाली बोलवत होते. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"डोळ्यातनं... जाळ निगतोय," ते म्हणाले. "दिसतंय मला. पुस्तकातबी... निगतोय. दिगू चहा कराया... उठतो, तवा बगतो मी."

मी बाहेर उभ्या मामांच्या पाठीकडं बघितलं.

"गप... का बसलास? चालू ठिव," पैलवान म्हणाले. "त्यो... ऐकतोय भाईर."

मी चालू ठेवलं. आवाज फाटेपर्यंत. विखारला आधी पायात घातला, मग कलाजंग म्हणून खांद्यावर घेतला, गरगरा फिरवला, आपटला आन् फड जिंकल्याचा पुकार केला. टाळ्या पडल्या. पैलवानांचा अर्धा चेहरा हसला, तेवढाच हसू शकत होता. बाहेर मामांनी एकदा वळून टीव्हीकडं बघितलं, मग टोपी काढून तोंड पुसलं. ऊन होतं म्हणा.

खाट घरी पोचली, माणसं पांगली. मी हळूच सटकत होतो तर चावडीच्या कोपऱ्यावर कॉलर धरली गेली.

"ए बेण्या! कलाजंगात माणूस कुठं येतो?"

"खांद्यावर."

"मंग आदी त्याला पायात कशाला घातलास? आरं, कुणाम्होरं बोलतोयस? माझ्या दादाम्होरं! परंड्याच्या फडात ज्यानं भल्याभल्यास्नी ह्याच डावावर उचललं, त्याला तू चुकीचा कलाजंग सांगतोस? त्याला काय कळत न्हाय वाटलं व्हय तुला?"

"कळतंय मामा. समदं कळतंय त्यांना."

"मंग? आन् धूर म्हंजी माती म्हणं! आन् बाई नाचली ती मध्यंतराची सुट्टी! कुस्तीत मध्यंतर असतंय का रं? लाज न्हाय वाटत?"

"वाटती मामा."

"न्हाय वाटत! आन् शेवटाला काय क्येलास? लोहबाहू जिंकला म्हणून बोंबललास. डोळं फुटलं होतं का तुझं? हरला त्यो! विखारनं त्याला साखळदंडात घातला आन् तितंच भाग संपला. आता म्होरल्या रविवारी टीव्ही लागंल तवा लोहबाहू साखळीत लोंबत असंल. दादा इचारंल, जिंकलेला गडी बांधला कशापायी? काय सांगणार? बोल की! आता का दातखीळ बसली?"

रस्त्यानं जाणारी माणसं म्हणाली, बरं झालं, सुध्याला एकदा पाहिजेच होतं.

मामांनी कॉलर सोडली. मग ती चुरगळलेली दिसली म्हणून अंगठ्यानं सरळ केली, आन् सरळ करता करता पुन्हा ओरडले, "म्हसोबावानी हुभा काय ऱ्हायलास? उद्या दुपारी दादाचा डोळा लागला की ये. दोघं बसून कायतरी जुळवू. आन् उशीर क्येलास तर पायजमा न्यायला येऊ नगंस!"